जुना आणलाय का?

उजवा हात पुढे करायचा, तळवा वर, बोटं किंचित वाकलेली, आणि विचारायचं, "जुना आणलाय का?" खराडीतल्या आमच्या ऑफिसात नवीन आलेला माणूस या प्रश्नाने हमखास गोंधळायचा. तो आलेला असायचा मेल सापडत नाही म्हणून, आणि समोरचे गृहस्थ असा हात पसरून बसलेले, जणू त्यावर काहीतरी ठेवायचं आहे.

ठेवायचं असायचंच. त्यांच्या वडिलांचं रविवार पेठेत खिळे, स्क्रू, बिजागऱ्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "ते हे द्या, दाराला असतं ते." वडील वाद घालत नसत. हात पुढे करून म्हणत, "जुना आणलाय का?" जुना स्क्रू तळव्यावर पडला की मागे न बघता नेमक्या खणात हात जायचा. दुकान केव्हाच बंद झालं. हात मात्र मुलाकडे आला.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. घरच्यांना आवडणार नाही, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. कुणाच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवायला येत नाही, पण केक कापायची सुरी कुठे आहे ते त्यालाच माहीत असतं.

पन्नाशी ओलांडलेले, कॅम्पाच्या मागच्या गल्लीत तीन पिढ्या राहिलेले. एकदा बाहेरगावाहून आलेल्या एका मॅनेजरने कौतुकाने विचारलं, "तुमचं मराठी इतकं शुद्ध कसं हो?" हे म्हणाले, "पुण्यात जन्मलो. इलाज नव्हता."

आमचं काम थोडक्यात सांगते. आम्ही एक एआय सहायक तयार करत होतो. ऑफिसातल्या माणसाने त्याला साध्या भाषेत विचारायचं आणि त्याने त्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये शोधून उत्तर द्यायचं. हजारो मेल असतात. सगळे वाचायला लावले तर वेळ जातो आणि सहायक स्वतःच त्यात बुडतो. म्हणून त्याला शोधाच्या कमांड नेमक्या लिहायला शिकवायचं: कुणाकडून, केव्हाचा, विषयात काय, सोबत फाइल आहे का, आणि काय वगळायचं. हे शिकवणारे ते. त्याची परीक्षा घेणारी मी. परीक्षेच्या प्रश्नांच्या याद्या माझ्याकडे. याद्या करणं हा माझा धंदाही आहे आणि स्वभावही. मांजरीतल्या घरून निघताना गॅस, गीझर, गॅलरीचं दार ही यादी मी रोज मनात म्हणते. ते मला "यादीवाल्या बाई" म्हणत. सहायकाला ते "गडी" म्हणत. दुकानात असतो तसा गडी.

गडी सुरुवातीला फार बावळट होता. परीक्षेत मी विचारलं, "माझी रजा मंजूर झाली का?" त्याने 'लीव्ह' हा शब्द शोधला आणि कंपनी सोडून गेलेल्या माणसांचे निरोपाचे मेल समोर आणून ठेवले. तुमचा सहवास कायम लक्षात राहील, संपर्कात राहू या, असे ढीगभर. आमच्यातली सगळ्यांत तरुण श्रुती खुर्चीतून पडायच्या बेतात हसली.

"सर, याला वाटतंय मॅडम कंपनी सोडतायत!"

"त्याला काही वाटत नाही," ते म्हणाले. "त्याने जुना मागितला नाही, एवढंच."

मग त्यांनी ते शिकवलं. शब्दांचा अंदाज करायचा नाही. मनुष्यबळ विभागाचा आधीचा एखादा मेल काढायचा, ते लोक रजेला काय म्हणतात ते बघायचं, आणि मग तोच शब्द घेऊन शोधायचं. ते लोक रजेला 'टाइम ऑफ' म्हणत होते. दुसऱ्या फेरीत गड्याने एक कमांड दिली, एक मेल आणला. त्यांनी डब्यातला खिम्याचा समोसा श्रुतीपुढे सरकवला. तो त्यांचा जल्लोष.

दोन गोष्टींवरून मात्र वाद झाले. दोन्ही वेळा ते जिंकले.

पहिली गोष्ट वगळण्याची. कंपनीच्या मेलबॉक्समध्ये निम्म्याहून अधिक मेल माणसांनी लिहिलेलेच नसतात. पार्किंगची सूचना, सर्व्हरचा इशारा, यंत्राने पाठवलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्यांच्या पत्त्यातच 'नो-रिप्लाय' असं लिहिलेलं असतं, म्हणजे उत्तर पाठवू नका. त्यांनी नियम केला की गड्याने हे सगळे मेल आधीच बाजूला ठेवायचे, त्यात शोधायचंच नाही. मी विचारलं, "बँकेचे, तिकिटांचे मेलही असेच येतात. त्यांचं काय?"

"ऑफिसच्या मेलमध्ये तिकिटं कशाला हवीत तुम्हाला? आणि ज्याला उत्तर देता येत नाही, त्याचं ऐकून तरी काय करायचं?"

ऑफिसच्या मेलपुरतं ते बरोबर होतं. गड्याचा वेग एकदम वाढला. वरच्यांनी अभिनंदनाचा मेल पाठवला.

दुसरी गोष्ट उत्तराची. काही सापडलं नाही तर गड्याने काय म्हणायचं? श्रुतीचं म्हणणं, नीट समजावून सांगावं. "म्हणजे, मला नाही सापडलं, सॉरी, मी इथे इथे बघितलं, असं काहीतरी. युजरला बरं वाटतं."

"बरं वाटायला आपण काय केळवण करतोय?" ते म्हणाले. "अब्बांच्या दुकानात दोनच उत्तरं होती. आहे. नाही. 'नाही' म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जायला मोकळं. का नाही, कधी येणार, हे सांगत बसलं की त्याचाही वेळ जातो, आपलाही."

"सर, हे टिपिकल पुणेरी झालं."

"मग गडी कुठला आहे?"

गड्याला 'नाही' म्हणायला शिकवलं. आला का? नाही. पाठवला का? नाही. पूर्णविरामासकट.

गडी हाताशी आल्यावर त्यांनी तो आपल्या घरच्या मेलबॉक्सलाही जोडून घेतला. आमच्यातल्या पुष्कळांनी तसं केलं होतं, आपण शिजवलेलं आपण खाऊन बघावं म्हणून. नियम सगळे तेच, ऑफिसातले. रोज सकाळी हेल्मेट टेबलाखाली सरकवून, चहाचा कप आणून, ते आधी गड्याला स्वतःचं काहीबाही विचारत. सोसायटीच्या सभेचा मेल आला का, मेहुण्याने फोटो पाठवले का. हातांनी मेलबॉक्स उघडणं त्यांनी सोडूनच दिलं. श्रुती चिडवायची, "सर, भाभींनाही असंच विचारता का, डबा भरला का म्हणून?"

"तिला विचारायची हिंमत नाही."

त्या वर्षी गणपतीच्या आधी त्यांचा आवाज बसला. आम्हाला वाटलं खराडीची धूळ. इथे रोज कुठे ना कुठे खणत असतात, घसा कुणाचाच धड नसतो. मग एकदा जेवताना त्यांनी मान किंचित वर करून जबड्याखाली बोट ठेवलं आणि पार्किंगची जागा सांगावी तसं सांगितलं, "इथे गाठ आलीय. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवलाय."

मी विचारलं, "रिपोर्ट कधी?"

"मेलवर येईल. आला की घेऊन या म्हणालेत." मग जरा अभिमानानेच, "तिथली मुलगी फोन नंबर मागत होती. म्हटलं, फोन नको. मेल करा. शोधायला सोपं."

गणपती गेले. नवरात्र आलं. रोज सकाळी चहाच्या पहिल्या घोटाआधी ते टाइप करत: रिपोर्ट आला का? मी शेजारच्याच टेबलावर. त्यांनी विचारायच्या आतच मला उत्तर दिसायचं. नाही.

ते कप उचलायचे आणि कामाला लागायचे. त्या दिवसांत त्यांनी फार सुरेख काम केलं. तारखांच्या कमांड सगळ्या नव्याने लिहिल्या. 'गेल्या महिन्यात' म्हणजे नक्की केव्हा, 'दिवाळीच्या सुमारास' म्हणजे किती मागे किती पुढे, हे त्यांनी गड्याला जितक्या मायेने शिकवलं तितक्या मायेने मी पोटच्या मुलीला अपूर्णांक शिकवले नाहीत. आवाज मात्र उतरत चालला होता. श्रुती आता त्यांच्या टेबलाला टेकून, वाकून ऐकायची.

मी यादीत सोमवारसाठी एक ओळ टाकली होती: रिपोर्टचं विचारणे. दर सोमवारी मी विचारायचे.

"अजून नाही?"

"नाही."

"अहो, फोन करा ना तिकडे. इतके दिवस लागत नाहीत."

"दुकान उघडायच्या आधी शटर वाजवून काय होतं? आला की कळेल."

"मी करू फोन?"

"यादीवाल्या बाई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुमच्या यादीत तुमची कामं लिहा."

हे त्यांनी हसत म्हटलं नव्हतं.

भाभींचा एकदा मला फोन आला. उर्दू शाळेत शिकवतात, बोलणं मोजकं. "ताई, हे घरात काही सांगत नाहीत. विचारलं की म्हणतात, आला नाही. तुमच्यासमोर तरी खरं बोलतात का?" मी म्हटलं, भाभी, खरंच आला नाही, मी रोज बघते. आणि मी रोज बघत होतेच.

दिवाळीची सुट्टी संपून आठवडा होत आला असेल. दुपारची वेळ, डबे नुकतेच धुऊन ठेवले होते. त्यांचा फोन वाजला. भाभी गुडघा दाखवायला त्याच हॉस्पिटलात गेल्या होत्या, आणि काउंटरवरच्या बाईने त्यांना ओळखून विचारलं होतं, "साहेबांना परत आणलंच नाही तुम्ही? रिपोर्ट तर केव्हाच पाठवला त्यांना." हे मला नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच पाहिलं की ते ऐकत राहिले, "बरं" म्हणाले आणि फोन पालथा ठेवला.

मग त्यांनी टाइप केलं: रिपोर्ट आला का?

नाही.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. गड्याच्या नियमांची फाइल उघडली. स्वतः लिहिलेल्या त्या ओळीवर कर्सर नेला, नो-रिप्लायवाल्या. ओळ पुसली. आणि तोच प्रश्न, अक्षर न बदलता, पुन्हा विचारला.

हो, आला आहे.

खाली तारीख होती. विसर्जनानंतरच्या दुसऱ्याच दिवसाची.

मी खुर्ची सरकवून त्यांच्याजवळ गेले. त्यांनी रिपोर्ट उघडला, सावकाश वाचला, बंद केला. मला त्यातला एकच शब्द दिसला, आणि तो पुरेसा होता. श्रुती पलीकडून उठून आली. काय झालंय हे तिला आमच्या तोंडावरून कळलं असावं.

"नियम बरोबर चालला," ते म्हणाले. "गड्याची चूक नाही. मालकानेच तो खण बंद करून ठेवला होता."



"यादी काढा," ते मला म्हणाले.

"अहो, आता घरी जा. भाभी—"

"काढा. परीक्षेचा नवा प्रश्न. 'रिपोर्ट आला का?' मेल पाठवणारा नो-रिप्लाय. अपेक्षित उत्तर..." इथे आवाज फुटेना. त्यांनी घसा खाकरला. "अपेक्षित उत्तर, हो, आला आहे."

"सर, आत्ता नको ना," श्रुती म्हणाली. ती रडत होती.

"आत्ताच. नंतर विसरतात लोक."

मी लिहिलं. त्यांनी वाकून, नीट लिहिलंय ना ते पाहिलं आणि हेल्मेट उचललं.

डॉक्टरांनी भाभींना सांगितलं, गाठ आत पसरली आहे, ऑपरेशनची वेळ गेली. "आधी का नाही आलात?" हे त्यांनी यांना विचारलं. यांनी काय उत्तर दिलं ते भाभींना आठवत नाही.

औषधोपचार सुरू झाले. तरी मधल्या बऱ्या दिवसांत ते ऑफिसला येत, गळ्याला मफलर गुंडाळून. स्कूटर बंद झाली होती, भाचा सोडून जायचा. केस गेले, गाल बसले. लिफ्टमध्ये लोक त्यांच्याकडे बघायचं टाळत, आणि ते ते टाळणं बघत.

त्या दिवसांत त्यांनी एकच काम हातात घेतलं. गड्याचं 'नाही' बदलायचं. आमच्या वरच्यांना ते पटत नव्हतं. उत्तर लांबलं की वेळ वाढतो, एवढे दिवस छोटं उत्तर हवं म्हणून तुम्हीच तर भांडत होता. त्यांनी वाद घातला नाही, घालायला आवाजच नव्हता. कागदावर लिहून मीटिंगमध्ये टेबलावर ठेवलं: 'कुठे पाहिलं नाही, ते सांगितल्याशिवाय नाही म्हणायचं नाही.' मीटिंगमध्ये सगळ्यांना सगळं माहीत होतं. बदल मंजूर झाला.

शब्द ठरवायला त्यांनी श्रुतीला शेजारी बसवलं. तिने लिहायचं, त्यांनी मान हलवायची. शेवटी ठरलं ते असं: मला सापडला नाही. आपोआप आलेले मेल मी पाहिलेले नाहीत. पाहू का?

"'पाहू का' लागेलच का सर? बाकी पुरतंय की."

त्यांनी बोटाने त्या दोन शब्दांवर दोनदा टकटक केलं. लागेल.

मी शेवटची त्यांच्या घरी गेले ती थंडी सरता सरता. खिडकीशी पलंग, खाली गल्लीत सायकलच्या दुकानातली ठोकठोक. भाभींनी चहा आणला आणि शाळेतल्या वह्या तपासायला आत गेल्या, म्हणजे आम्हाला बोलता यावं म्हणून. ते कुजबुजत बोलत. मला अगदी जवळ स्टूल ओढून बसावं लागलं.

मी फार आडवळणं घेणारी बाई नाही. विचारलं, "तो नियम तुम्हीच केलेला. एवढ्या दिवसांत एकदाही लक्षात आलं नाही?"

त्यांनी सवयीने हात पुढे केला. तळवा वर. हात आता फार हलका दिसत होता.

"जुना नव्हता ना माझ्याकडे," ते म्हणाले. "असला रिपोर्ट आधी कधी आलाच नव्हता. कुणाकडून येतो, कसा येतो, कसं ठाऊक असणार?"

मला ते उत्तर पुरेसं वाटलं नव्हतं आणि ते त्यांना दिसलं. पुन्हा त्यांचे ओठ हलले.

"खरं सांगू? सकाळी तो नाही म्हणाला की चहा गोड लागायचा."

आतून वहीची पानं उलटल्याचा आवाज येत होता.

"रोज?"

"रोज. एखाद्या दिवशी मनात यायचं, आपण स्वतः उघडून बघू. मग वाटायचं, गडी कशाला ठेवलाय." ते हसल्यासारखे झाले, खोकला आला. मी पाणी दिलं. मग म्हणाले, "अब्बा 'नाही' म्हणायचे. पण त्यांना सगळे खण पाठ होते. म्हणून त्यांचं 'नाही' खरं होतं. मी फक्त त्यांचं 'नाही' उचललं."

निघताना मी चपला घालत होते तर भाभी दारापर्यंत आल्या. "काय म्हणत होते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दुकानाच्या गोष्टी. ते खोटं नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते गेले. दफनविधीला ऑफिसातले आम्ही सात-आठ जण कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उन्हात एका बाजूला उभे होतो, काय करायचं असतं ते माहीत नसल्यासारखे. श्रुतीने डोक्यावरून ओढणी घेतली होती आणि ती बायकांच्या बाजूला भाभींच्या बहिणीचा हात धरून उभी होती.

कंपनीने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मेल पाठवला. वरती त्यांचा ओळखपत्रावरचा फोटो, खाली चार ओळी. श्रुतीने त्या मेलला मोठं उत्तर लिहिलं, मला आधी वाचायला दिलं. समोसा होता त्यात, रजेचा घोटाळा होता. तिने पाठवलं आणि ते लगेच परत आलं. तो मेलही नो-रिप्लायवरूनच आला होता.

त्यांच्या टेबलावर आता दुसरा माणूस बसतो. चांगला आहे, लवकर शिकतो. कुणी मेल सापडत नाही म्हणून आलं की त्यालाही सांगावं लागतं, आधीचा एखादा काढ, त्यातले शब्द घे. तो करतो. हात पुढे करत नाही.

गड्याची नवी आवृत्ती आली की मी परीक्षेची यादी काढते. श्रुती एकेक प्रश्न मोठ्याने वाचते, उत्तर वाचते, मी खूण करते. शंभरेक प्रश्न आहेत, अर्धा दिवस जातो. त्यांनी सांगितलेला प्रश्न मी सगळ्यांत वर ठेवला आहे. तेवढा एक श्रुती वाचत नाही. ती तो टाइप करते, गड्याच्या 'पाहू का?'ला 'पाहा' लिहिते आणि खिडकीबाहेर बघते, आणि मी पडद्यावर बघते.

हो, आला आहे.

मी खूण करते. "पुढचा," म्हणते.